याडीचा ढावलो

तांडा सोडला त्या दिवशी याडी, म्हणजे माझी आई, एस.टी.च्या दारात माझ्या गळ्यात पडून रडली. आमच्यात मुलगी सासरी निघाली की, किंवा पुढे बऱ्याच दिवसांनी भेटली की, मायलेकी नुसत्या रडत नाहीत. शब्द जोडून, सुरात रडतात. त्याला ढावलो म्हणतात. एक ओळ तिची, पुढची माझी. कंडक्टर घंटी मारून दमला. तांड्यावर राहिलेल्या बायांनो, तुम्ही होता तिथे.

नवरा पिंपरीत कंपनीत, बिऱ्हाड निगडीला. याडी पहिल्यांदा भेटायला आली आणि दारातच ढावलो सुरू झाला. शेजारची पोरं ‘बरबर, बरबर’ करत खिदळली. समोरच्या संस्कृतच्या बाईंनी त्यांना दटावलं. मग शिकवायची खोड, मला म्हणाल्या, “अगं, ग्रीकांनाही परक्यांचं बोलणं असंच ऐकू यायचं, म्हणून ते त्यांना बार्बारोस म्हणत. संस्कृतातही बर्बर आहेच. उत्तर आफ्रिकेतल्या एका समाजाला तर तेच नाव चिकटलं.”

“आणि ते स्वतःला काय म्हणतात?”

पुढे बाई ग्रंथालयात शोधून मुद्दाम सांगायला आल्या, “अमाझिघ. स्वतंत्र माणूस, असा अर्थ सांगतात.”

मला हसू आलं. आम्हाला लमाण म्हणतात, ते नावही लोकांनीच ठेवलेलं. आम्ही स्वतःला गोर म्हणतो, आणि बाहेरचे सगळे कोर. बिचाऱ्या बाईसुद्धा त्यातच!

मग मुलं झाली, त्यांच्या शाळा, नवऱ्याचा ओव्हरटाइम. घरात मराठीच रुळली. तुमच्यापैकी जे भोसरी-चाकणला आलेत, त्यांना हे सांगायला नको. बऱ्याच वर्षांनी याडी पुन्हा आली. गळ्यात पडून तिने ओळ म्हटली आणि माझ्या ओळीसाठी थांबली. मला ती येईना. तोंडातून निघालं, “रडू नकोस गं, आई.”

तिने हात सोडले, ओढणी सावरली. राहिली तितके दिवस माझ्याशी मोडक्या मराठीतच बोलली.

त्यानंतर ती तांड्यावरच वारली. तांडा आहे, भाऊ आहेत, जाते मी. पण माझं घर त्या न आलेल्या ओळीत होतं, आणि ती मला शिकवणारं आता कुणी नाही.

कणीक मळताना याडी मागे येऊन उभी राहते. वळून बघायची भीती वाटते मला. आठवडी बाजारात सरपण विकताना कोर गिऱ्हाइकाशी बोलायची, तशी अदबीनं विचारते, “बरं हाय का, बाई?”