व्याह्यांची हरायची हौस

रग्बी हा खेळ मला कळत नाही आणि कळावा अशी माझी इच्छाही नाही. कान चुरगाळलेली धिप्पाड माणसं चिखलात एकमेकांच्या अंगावर कोसळतात, मग शिट्टी वाजते, आणि ती का वाजली यावर मैदानातल्या कुणाचंच एकमत नसतं. मी नोकरीची सगळी वर्षं मँचेस्टरच्या हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात घालवली. माझ्यासमोर आडवा झालेला माणूस काहीतरी पुटपुटत गप्प व्हायचा. रिटायर झाल्यावर माझ्या शनिवारांत जी माणसं घुसली, ती मात्र काही केल्या गप्प होईनात.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या व्याह्यांनी घोडं धाडलं नाही, ते स्वतःच आले. माझ्या मुलीनं आयरिश मुलाशी लग्न केलं. जावई गुणी आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याचे वडील पोरवयात लिमरिकहून मँचेस्टरला आले, जन्मभर इथल्या बिल्डिंगींमध्ये विजेच्या वायरी ओढल्या, आणि बायको गेल्यावर मुलाच्या घरी खालच्या खोलीत राहायला आले. मुलगी शनिवारी फार्मसीत ड्यूटीवर असते, म्हणून नातीला बघायला मी ट्रॅमनं तिच्याकडे जाते. आणि त्याच दिवशी, त्याच दिवाणखान्यात, व्याह्यांचे तीन मित्र येतात.

आयर्लंडचे चार प्रांत आहेत आणि प्रत्येक प्रांताची एक रग्बी टीम. नशीब असं की हे चौघं बरोबर चार प्रांतांचे. व्याही दक्षिणेचे. दुसरा डब्लिनचा रिटायर्ड शाळामास्तर, त्याला अजूनही वाटतं की समोर वर्ग बसलाय. तिसरा बेलफास्टकडचा, कार्पेटचं दुकान होतं त्याचं. चौथा पश्चिमेचा, गॉलवेचा, काडीसारखा, तो फक्त चिवडा खातो आणि उसासे टाकतो. चिवडा माझा. हिवाळ्यात युरोपची मोठी स्पर्धा सुरू होते, फ्रेंच आणि इंग्लिश क्लबांशी यांच्या टीम भिडतात, आणि मेमध्ये फायनल होईपर्यंत हे चार म्हातारे 'यंदा कोण जिंकणार' या एका विषयाचा कीस पाडत बसतात. खेळणारे खेळतात, घाम त्यांचा गळतो. हे सोफ्यावर बसून 'आम्ही' म्हणतात. पन्नास वर्षं मँचेस्टरचं पाणी प्यायलेले आमचे व्याही म्हणतात, "आमची स्क्रम ढिली पडलीय." डोकी खाली घालून, घोळक्यानं समोरच्यांना ढकलायची ती स्क्रम. तुमची कुठली स्क्रम आली हो? तुम्हाला जिना चढताना धाप लागते!

बरं, वाद तरी सरळ घालावा. आपल्याकडे क्रिकेटवर भांडणारा माणूस छाती काढून सांगतो, आपणच जिंकणार. हे उलटे. इथे प्रत्येक जण शपथेवर सांगतो की त्याची टीम हरणार.

"आमचा काही चान्स नाही," व्याही सुरुवात करतात. "फ्रेंच लोक आम्हाला चिरडून टाकतील. पोरं दमलीत, निम्मी जखमी आहेत."

"काय बोलतोयस!" डब्लिनवाला ओरडतो. "तुमच्यासारखी जिद्द कुणात नाही. चान्स नाही तो आम्हाला. दरवर्षी फायनलपर्यंत जातो आणि तोंडावर पडतो."

"तुम्हाला नाही? अरे, अर्धी नॅशनल टीम तुमची!" हा बेलफास्टवाला. "आमच्याकडे बघ, आमच्याकडे खेळायलाच माणूस नाही."

मग गॉलवेवाला उसासा टाकतो, म्हणजे त्याची टीम तर मेल्यातच जमा.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. व्याही म्हणाले, "आमची टीम यंदा अगदीच भिकार आहे." गेल्या शनिवारची मॅच मी येताजाता पाहिली होती. मी आपलं सरळ म्हटलं, "हो ना. फारच वाईट खेळतात."

डब्लिनवाला कपात बघायला लागला. व्याही "हं" म्हणाले आणि पुढचे दोन आठवडे माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलले.

"आई, तू असं का बोललीस?" मुलीनं मला किचनमध्ये गाठलं. "ते लोक असंच बोलतात. तू नो म्हणायची असते!"

"मग स्वतःच का सांगायचं भिकार म्हणून?"

"जिंकणार असा म्हटला तर नशीब फिरतो. आणि शो ऑफ वाटतो. म्हणून ते आपला वाईट बोलायचा, आणि दुसऱ्याने चांगला बोलायचा."

तिचं मराठी असंच लंगडत चालतं, पण मुद्दा कळला. आणि कळल्यावर मला जास्तच चीड आली, कारण हा चावटपणा माझ्या ओळखीचा होता. पुण्यात चार तास राबून पुरणपोळ्या करायच्या आणि पाहुण्यांना म्हणायचं, "काही विशेष नाही हो, गोड मानून घ्या." पाहुण्यानं तेव्हा "हो, विशेष नाहीच," म्हटलं तर त्याला पुन्हा कोण बोलावेल? ते सगळं मागे टाकून मी या देशात आले, जिथे म्हणे माणसं स्पष्ट बोलतात. आणि माझ्या नशिबी हे टोळकं आलं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि वर माझा चिवडा फुकट.

गेल्या हिवाळ्यात व्याह्यांचं वजन उतरायला लागलं. तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्यात गाठ निघाली, कॅन्सरची. पसरलेली नव्हती, कापून काढता येण्यासारखी होती. अडचण होती त्यांच्या हृदयाची. आयुष्यभर ओढलेल्या सिगारेटींनी ते पार थकलेलं.

सर्जनला भेटायच्या दिवशी जावई त्यांना घेऊन गेला. पण आमच्या हॉस्पिटलचा कार पार्क म्हणजे काय आहे ते मला विचारा. जावई गाडी घेऊन घिरट्या घालत राहिला आणि व्याही एकटेच आत गेले. तो जागा शोधून धावत वर पोचला तोवर हे बाहेर आलेसुद्धा.

"ऑपरेशन नाही," त्यांनी सांगितलं. "डॉक्टरचंही तेच मत आहे."

त्या संध्याकाळी मुलीनं फोनवर रडून गोंधळ घातला. "आई, त्यांनी नको म्हटला. ते गिव्ह अप केले."

माझा विश्वास बसेना. हा माणूस महिनाभर आधी स्वतःसाठी नवी सायकल बघत होता. मी दुसऱ्या दिवशी ट्रॅम पकडली आणि व्याह्यांच्या समोर जाऊन बसले.

"तिथे काय बोलणं झालं ते मला शब्दन् शब्द सांगा."

"काही विशेष नाही," ते म्हणाले. "त्यानं विचारलं, ऑपरेशनबद्दल काय वाटतं? पोरगा चांगला होता, नम्र. मी म्हटलं, अहो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या बैलावर कशाला सुरी बोथट करता? मी काही त्या टेबलावरून उठत नाही. माझा काही चान्स नाही."

"मग?"

ते अंगठ्यानं खुर्चीचा हात घासत राहिले.

"मग तो म्हणाला, मी समजू शकतो. तुमच्या इच्छेचा आम्ही आदर करतो."

त्यांचा चेहरा बघितला आणि मला सगळं लख्ख कळलं. त्यांना वाटलं होतं, सर्जन म्हणेल, "छे, छे! काय बोलता! तुम्ही तर पोलादाचे आहात!" तो इंग्रज, बिचारा, शिकवल्याप्रमाणे पेशंटचं ऐकत होता. पेशंटनं चान्स नाही म्हटलं, त्यानं मान डोलावली. आणि यांना वाटलं, डॉक्टरसुद्धा 'छे' म्हणत नाही, म्हणजे खरंच संपलं. आता पुन्हा जाऊन 'मला हवंय' म्हणायचं? यांच्या सात पिढ्यांत कुणी 'मला हवंय' म्हटलं नसेल.

"अहो, मग तुम्हीच सांगायचंत ना त्याला!"

"एकदा सांगितलंय मी," ते म्हणाले आणि टीव्ही लावला. पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी टोळकं जमलं. दक्षिणेच्या टीमची फ्रेंच क्लबाशी बाद फेरीची मॅच होती, फ्रेंचांच्याच मैदानावर, हरलं की घरी. सगळ्यांना आजारपण माहीत होतं. एकानं विषय काढला असेल तर शपथ. तासभर स्क्रम, लाइनआऊट, पंच कसा आंधळा आहे, कोण जखमी आहे.

"आज आमचं काही खरं नाही," व्याही म्हणाले.

"वेडा आहेस का! आज तुम्ही त्यांना फाडून खाल!" तिघं एकदम. अगदी गॉलवेवालासुद्धा.

मग जाहिराती लागल्या. बेलफास्टवाल्याला तेवढ्यात अवदसा आठवली, त्यानं विचारलं, "आणि ते ऑपरेशन?"

"नाही करत," व्याही म्हणाले. "काही चान्स नाही. डॉक्टरलाही पटलंय."

मी दारात उभी राहून वाट बघत होते. आता हे म्हणतील. मगाशी पंधरा दांडग्या पोरांसाठी घसे फोडून 'छे' म्हटलं, आता या एका म्हाताऱ्यासाठी एकदा म्हणतील. डब्लिनवाल्यानं घसा साफ केला. बेलफास्टवाला कार्पेट न्याहाळायला लागला, जसं काही त्याला ते विकायचं होतं. गॉलवेवाल्यानं चिवड्याच्या डब्यात हात घातला. डॉक्टरच्या शब्दापुढे बोलायची त्यांची छाती नव्हती.

व्याही एकेकाकडे बघत होते. मॅच पुन्हा सुरू झाली तरी ते टीव्हीकडे वळले नाहीत.

माझं डोकं सणकलं. "लाज वाटते का रे?" मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं आणि मराठीत. मग इंग्रजीत त्याहून वाईट बोलले. इंग्रजीत मी कधी एवढी बोलले नव्हते, ऑपरेशन थिएटरमध्ये ऑक्सिजन संपला होता तेव्हाही नाही. नात वरून घाबरून खाली आली. डब्लिनवाल्यानं शाळामास्तरी आवाजात "आता हे बघा," म्हणून सुरुवात केली, मी त्याच्या हातातली बशी काढून घेतली. त्या दिवशी त्यांची टीम जिंकली असं नंतर कळलं. कुणी ओरडलं नाही.

सोमवारी मी कॅन्सरच्या नर्सला फोन केला आणि पुन्हा भेटीची वेळ घेतली. व्याही नको नको म्हणत गाडीत बसले. गाडी जावयानं चालवली, आणि यावेळी मी त्यांच्याबरोबर आत गेले.

सर्जन खरंच पोरगेलासा होता. त्यानं सगळं आठवून नीट विचारलं, गेल्या भेटीनंतर काही विचार बदलला का? आणि आमचे व्याही, काय सांगू, हसले आणि म्हणाले, "अहो डॉक्टर, या बाईंचं मनावर घेऊ नका. माझ्यासारख्याला..."

"खोटं बोलतायत," मी म्हटलं. "यांच्याकडे असंच बोलतात. नाही म्हणतात म्हणजे त्यांना कुणीतरी हो म्हणायला हवं असतं. गेल्या वेळी तुम्ही म्हणाला नाहीत. या माणसाला जगायचंय."

सर्जन गोंधळला. माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. मग त्यानं खुर्ची पुढे ओढली. "मग मी सरळ विचारतो. तुम्हाला ऑपरेशन हवंय का?"

व्याह्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली.

"हवंय," ते म्हणाले.

सर्जननं मग जे सांगायचं ते सांगितलं. हृदय साथ देईलच असं नाही, टेबलावरच काही होऊ शकतं, नंतरचे दिवसही अवघड जातील. चांगलं सांगितलं त्यानं, काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर व्याही माझ्याकडे वळले.

"तुम्ही जन्मभर हेच केलंत," ते म्हणाले. "चान्स आहे का?"

तिघा मित्रांनी न म्हटलेलं "छे, तुम्ही तर पोलादाचे!" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण या खेपेला त्यांनी सरळ विचारलं होतं.

"थोडा आहे," मी म्हटलं. "फार नाही. पण आहे."

त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं गार पडली होती. मला त्यांचा फार राग आला, आणि माझे डोळे भरून आले.

"थोडा चालेल," ते म्हणाले.