धाकट्या जावेची एक ओळ

डोंगरकडा गावात, आमच्या घराच्या माडीवर, हळदीच्या पोत्यांना लागून माझं टेबल आहे. तिथे बसून मी पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या, एवढंच काम. त्या खिडकीला टर्मिनल म्हणतात.

त्या जुन्या सर्व्हरांना एक खोड होती. बॅकस्पेस दाबलं की अक्षर पुसलं जायचं नाही, उलट कर्सर पुढे सरकायचा. बाणाची कळ दाबली तर भलतंच काही उमटायचं. मी दोन वर्षं त्यातून वाटा काढल्या. पुसायला कंट्रोल-एच, मागची आज्ञा आणायला कंट्रोल-पी, सगळाच पडदा विस्कटला तर आंधळेपणाने 'रीसेट' टाइप करायचं. सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. कंपनीत कुणी अडलं की मला फोन यायचा, आणि तो मी मुद्दाम सासऱ्यांसमोर घ्यायचे.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ संगणकाची पदवी घेतलेली. मीच कंपनीतल्या साहेबांकडे शब्द टाकून तिला कामाला लावलं, वही तिच्या हातात दिली. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "ताई, एवढं सगळं काहून करायचं?"

"ती मशीनं तशीच आहेत."

"मशीनं बराबर आहेत. आपलं टर्मिनल त्यांना सोताचं जे नाव सांगून राहिलं, ते त्यांना ओळखू येत न्हाई. त्यांच्या ओळखीचं नाव देऊन पाहू का?"

प्रत्येक सर्व्हरवर आत शिरताच जी फाइल आधी वाचली जाते, तिच्यात तिने ते नाव सांगणारी एकच ओळ घातली. बॅकस्पेस पुसू लागलं, बाण चालू लागले. मीटिंगमध्ये साहेबांनी तिचं कौतुक केलं. रात्री जेवताना सासरे म्हणाले, "धाकटीनं दोन वर्षांची तकलीफ एका ओळीत मिटवली म्हणे." मी भाकरी वाढत होते. दोन वर्षं म्हणजे माझीच की.

दुसऱ्या दिवशी ती खाली चहाला गेली, तेव्हा मी एका सर्व्हरवरची तिची ओळ काढून टाकली.

दुपारभर ती त्या सर्व्हरशी झटत होती. मी शेजारी बसून आपलं काम करत राहिले. तिने मला काही विचारलं नाही. कंट्रोल-एच वापरून काम उरकलं, संध्याकाळी ओळ परत घातली आणि खाली स्वयंपाकाला गेली. मला वाटलं, तिला कळलं नाही.

ते मनातून जाईना. महिनाभराने शेंगा निवडताना मी सांगून टाकलं. तिने हात थांबवला नाही.

"मला त्याच दिवशी कळलं, ताई. सर्व्हरवर दिलेल्या आज्ञांची यादी तिथंच राहते. त्या खात्यात आपण दोघीच जातो."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं? तुमीच तर मला कामाला लावलं."

माफी मागायला आले होते, ती मागितलीही. पण मन हलकं झालं नाही. महिनाभर ती माझ्या शेजारी बसून, माझ्या हातचा चहा पिऊन गप्प राहिली होती. माझ्याशी कुणी असं केलं असतं, तर मला दोन दिवसही गप्प राहता आलं नसतं. याचाही मला हेवा वाटला, आणि आधीच्यापेक्षा जास्त वाटला. आता तिचं टेबल खिडकीपाशी आहे, उजेडात. ते मीच तिला तिथे लावून दिलं, आणि रोज त्याच्याकडे पाहते.