लेन नंबर दोनमधलं बीळ

आमची इंजिनिअर कंपनी पश्चिम सीमेवर निघायच्या आधीच्या रजेत मी अल्लीपूरला नाईक मोरेश्वरच्या शेतावर होतो. मी फौजेत हवालदार, केळझरचा. एकाच जिल्ह्यातले म्हणून तो मला दादा म्हणायचा. काम दोघांचं एकच, जमिनीत पुरलेल्या माइन, म्हणजे सुरुंग, शोधून काढणं.

सकाळी दहाला त्यानं मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उकिडवं बसवलं.

"दादा, हे पाहा."

इंचभर लांब काळी माशी. कंबर दोऱ्यासारखी, तोंडावर सोनेरी लव. पुढच्या पायांनी माती मागं फेकत होती.

"गांधीलमाशी?" मी मागं सरकलो.

"त्यातलीच. पण हिचं पोळं नसते, एकटीच राह्यते. हातात धरल्याबिगर डसत नाई."

थोड्या वेळानं ती एक नाकतोडा ओढत आली. तो मेला नव्हता, डंखानं लुळा पडला होता. त्याला बिळाच्या तोंडाशी ठेवून ती आत जाऊन आली, मग मिशीला धरून त्याला आत ओढलं. मोरेश्वर म्हणाला, ती त्याच्यावर एकच अंडं घालते, बीळ बुजवते आणि निघून जाते. अळी तो नाकतोडा जिवंतपणीच खाते.

"माती पाहा. एकाच बाजूनं पडली. माणसानं खोदलं तं अशी नाई पडत. लेनमंदी कामी पडते हे."

सीमेवर ते खरंच कामी पडलं. माइनफिल्डमधून साफ करत न्यायच्या अरुंद वाटेला आम्ही लेन म्हणतो. ताजी माती दिसली की लाल झेंडी लावून काम थांबवायचं, अशी ड्रिल. मोरेश्वर बीळ ओळखायचा, प्रॉडरची सळई मातीत घालून खाली माइन नाही याची खात्री करायचा आणि पुढं सरकायचा.

त्या दिवशी ०७१० ला आम्ही लेन नंबर दोनमध्ये शिरलो. तो पुढं, मी पंचवीस मीटर मागं. ०७५० ला वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला.

"दादा, माशीचं बीळ. ती आतच बसून राह्यली. ओव्हर."

प्रॉड केलं का, हे मी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "रॉजर."

बीळ माशीचंच होतं. त्याची ओळख चुकली नव्हती. पण तिला भुसभुशीत माती लागते आणि पुरलेल्या माइनवरची माती भुसभुशीतच असते. हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. डिटेक्टर गप्प होता. त्या माइनमध्ये धातू नावालाच होता. मोरेश्वरनं गुडघा पुढं टेकला.

स्फोट ०७५२ ला झाला. मी उठलो. सेटवर कंपनी कमांडर साहेबांचा आवाज आला.

"कोई नहीं भागेगा. लेन क्लिअर करके जाओ."

हुकूम बरोबर होता. स्फोटानं वाळू सरकते, साफ केलेली जागाही मग साफ धरत नाहीत. मी पोटावर पडून इंचाइंचानं प्रॉड करत निघालो.

"दादा, येऊन राह्यले का?" पुढून मोरेश्वरची हाक आली.

"येऊन राह्यलो."

तो तेच विचारत होता, मी तेच सांगत होतो. ०८३१ ला त्यानं विचारणं थांबवलं. मी तेव्हा अर्ध्या वाटेवर होतो. पोचलो ०९०५ ला.

तेरवीला अल्लीपूरला गेलो. त्याच्या वडिलांना सगळं सांगितलं, माझं 'रॉजर'सुद्धा. त्यांनी एकच विचारलं.

"तू काऊन धावला नाई?"

"हुकूम होता, काका."

"मी असतो तं धावलो असतो."

रागानं नाही म्हणाले.

आता मी रिटायर झालोय. दर वर्षी त्या तारखेला अल्लीपूरला जातो. काका जवळ बसून जेवू घालतात, मोरेश्वरच्या लहानपणच्या गोष्टी सांगतात. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारलेला नाही.