आत्तीचा राग

आत्तीला खरा राग आला की तिचा आवाज खाली उतरायचा. कराडजवळच्या मलकापूरच्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. कबड्डीच्या मैदानावरचा तिचा ओरडा पार हायवेपर्यंत ऐकू जायचा, पण तिच्या पोरी म्हणायच्या, "मॅडम वरडत्यात तवर काय भ्या न्हाई." आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्याचं घर सोडून एकटी राहायची. आमच्या घरात तिचं नाव निघालं की पाठोपाठ 'आगाऊ' हा शब्द ठरलेला.

मला तेराव्या वर्षी डायबिटीस झाला. रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं तो, जन्मभराचा. कवठे महांकाळला वडिलांचं कापडाचं दुकान, चार माणसांत ऊठबस. दवाखान्यातून परत येताना गाडीतच ठरलं, हे कुणाला सांगायचं नाही. "पोरीची जात हाय," आई म्हणाली. झालं. तेव्हापासून मी धान्याच्या खोलीत जाऊन, आतून कडी लावून इन्सुलिन घ्यायची. वर्गात साखर उतरून हात थरथरायला लागले तरी दप्तरातली साखरेची गोळी तोंडात टाकायची चोरी. सुईचं दुखणं मला सोसलं असतं. पण मी म्हणजे घराला लागलेला डाग, हे रोज कडी लावताना मनात मुरत गेलं.

हळूहळू मी केस विंचरणं सोडलं. शाळा बुडायला लागली. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. घरच्यांच्या मते ही नाटकं होती, नाहीतर मग वयाचा दोष. वडील दुकानातून आले की दारातूनच विचारायचे, "शुगर किती आली?" आकडा चांगला तर पोरगी चांगली. मग मी चांगले आकडे सांगायला लागले. आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं. एका पोरीला खोटं बोलायला शिकवलं आणि वर म्हणाले, हल्ली फार गप्प असते.

त्या दिवाळीला आत्ती आली. तिनं पहिल्यांदा तिच्या पद्धतीनं औषध केलं. "ऊठ गं, माळावर पळून येऊ, मन ताजं हुतंय." मी पळाले, परत आले आणि पायरीवर बसून रडत सुटले. आत्ती शेजारी बसली. म्हणाली, "मला वाटलं हुतं, मला कळतंय. मला काय बी कळत न्हाई. पर हे नाटक न्हाई, एवढं नक्की."

संध्याकाळी फराळाला पाहुणे आले. मी लाडू घेतला नाही, तसं एका बाईनं कारण विचारलं. "पित्त झालंय तिला," आई म्हणाली. आत्तीचा आवाज उतरला. "पित्त न्हाई. डायबिटीस हाय. लपवायला पोरीनं काय चोरी केलीया?"

पाहुणे गेल्यावर वडील तिच्यावर तुटून पडले. "तुला तुझं घर राखता आलं न्हाई, आता आमचं मोडायला आलीस?" आत्तीनं पिशवी भरली. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, "फोन कर. रडायला कर, शिव्या द्यायला कर. पर कर."

मी केला नाही. पुढं मी इन्सुलिनही सोडलं. खोलीत जायची, कडी लावायची आणि तशीच बाहेर यायची. मरायचं असं काही ठरवलं नव्हतं. फक्त रोज सकाळी उठून पुन्हा तेच करायचा कंटाळा आला होता. शेवटी उलट्या सुरू झाल्या, धाप लागली आणि मला सांगलीच्या दवाखान्यात नेलं.

जरा शुद्धीवर आले तेव्हा कॉटभोवती माणसंच माणसं. एका काकूंनी कारल्याचा रस आणला होता. डॉक्टर आले, कागद बघितले आणि चिडून म्हणाले, "एवढी मोठी मुलगी आणि इन्सुलिन बुडवतेस? मरायचंय का तुला?" विचारून ते पुढच्या कॉटकडं वळलेसुद्धा.

बातमी कळताच आत्ती मलकापूरहून सकाळीच येऊन माझ्या पायाशी उभी होती. ती इतकं हळू बोलली की डॉक्टरांना मागं यावं लागलं. "इचारलंय तर थांबा, डॉक्टर. ती हो म्हणाली, तर काय करणार?"

मी म्हणाले, "हो."

आईनं तोंडाला पदर लावला. डॉक्टरांचा चेहरा उतरला, पण ते पळाले नाहीत. स्टूल ओढून बसले, माझ्याशी बोलले आणि मग म्हणाले, मनाच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. यावर वडील काय म्हणाले? "वेड्यांच्या डॉक्टरकडं? उद्या गावभर हुईल."

"गावाला सांभाळ तू, दादा," आत्ती म्हणाली. "पोरगी मी न्हेते."

पुढची सगळी शाळा मी मलकापुरात केली. कराडला मनाच्या डॉक्टरांकडं जायची, गोळ्या घ्यायची, बोलायची. इन्सुलिन मी स्वयंपाकघरात, आत्ती पोळ्या लाटत असताना घ्यायची. तिच्या कबड्डीच्या पोरींना सगळं माहीत होतं. काही दिवस तरीही अंगावर यायचे. आत्ती तोंड बघून ओळखायची. "आज वंगाळ हाय? असू दे. वंगाळ तर वंगाळ. च्या पिऊ." आईवडील सणावाराला यायचे आणि परक्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसून जायचे.

मागच्या वर्षी आत्ती हृदयविकारानं गेली. तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका बाईनं आईला विचारलं, "पोरगी हिच्याकडं का ठेवली हुती?" आई म्हणाली, "शिक्षणासाठी." जिनं मला जगवलं तिची राख अजून थंड व्हायची होती आणि यांचं खोटं चालूच होतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मला डायबिटीस आहे. आणि तेव्हा मला जगावंसं वाटत नव्हतं. म्हणून आत्तीनं नेलं."

बाया उठून गेल्या. वडील अंगणात जाऊन उभे राहिले. आई मात्र माझ्याजवळ आली आणि खाली बघत म्हणाली, "आता... अजून वाटतं का गं तसं?"

एवढं विचारायला हिला किती वर्षं लागली! ओरडावंसं वाटलं. पण माझ्या तोंडून खरं तेच निघालं.

"कधी कधी."

ती जमिनीवर बसली. "मग सांग," म्हणाली.