थेल्माने बसवलेली दुर्बीण

थेल्मा स्कोगेनच्या हाताखालून गेलेली रायफल ओळखायची असली की लोक दुर्बिणीच्या बैठकीचे स्क्रू बघत. सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत, आणि प्रत्येकाच्या कडेला लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका. थेल्माने आयुष्यात नखांना कधी पॉलिश लावलं नाही. तिची नखं कायम काळी, तेलकट आणि बोटाच्या मांसापर्यंत कापलेली. पण स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून तिला त्या पॉलिशइतकं भरवशाचं दुसरं काही सापडलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती सिअॅटलला विमानांच्या कारखान्यात लेथवर होती. युद्ध संपलं, पुरुष परत आले आणि बायकांना गोड बोलून घरी पाठवण्यात आलं. थेल्मा मोंटानात, बिटररूटच्या खोऱ्यात आपल्या घरी आली ती ट्रंकेत कपडे कमी आणि हत्यारं जास्त घेऊन. गाई विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या दुधाच्या खोलीत तिने एक जुना लेथ आणून बसवला आणि दारावर पाटी लावली : बंदुका दुरुस्त करून मिळतील.

पहिलं वर्षभर कुणी फिरकलं नाही. ऑरिन बीडलचं हार्डवेअरचं दुकान हाच गावचा चावडीकट्टा. तिथे लोक तिच्यावर हसून घेत. "बंदूक घेऊन जाल आणि शिवणयंत्र घेऊन परत याल," असं ऑरिन स्वतःच म्हणायचा. पण शिकारीचा हंगाम तोंडावर आला असताना त्याच्याच बंदुकीचा चाप अडकला, आणि दुसरा कारागीर डोंगरापलीकडे होता. तो मुकाट्याने थेल्माकडे आला. त्यानंतर हसणं बंद झालं, आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या अंगणात लागायला लागल्या.

तेव्हा जगभरातल्या सैन्यांनी मोडीत काढलेल्या रायफली गावोगावी विकायला येत. ऑरिनच्या दुकानात त्या फावड्यांच्या शेजारी पिंपात उभ्या केलेल्या असत, ग्रीसने माखलेल्या. लोक त्या उचलून घरी नेत, रॉकेलने धुवत आणि मग म्हणत, आता हिच्यावर दुर्बीण हवी.

पण शिपायाची रायफल दुर्बिणीसाठी जन्माला आलेली नसते. काडतूस आत सरकवणाऱ्या बोल्टचा दांडा वर उचलला की तो दुर्बिणीलाच धडकतो. कुलपाचा, म्हणजे चाप अडवून धरणाऱ्या खटक्याचा, कान वरच्या बाजूला उघडतो, तोही दुर्बिणीला अडतो. वरून पोलाद इतकं कडक की ड्रिलचं टोक त्याच्यावरून बर्फावर घसरावं तसं घसरतं. म्हणजे दांडा तापवून वाकवायचा, कुलूप बदलायचं, वरचा कडक थर सहाणेने घासून काढायचा आणि मग भोकं पाडायची. आणि पाडलेलं भोक बुजवता येत नाही. थेल्माने अशा कितीतरी रायफलींना डोळे दिले होते. घरातल्या एका रायफलीला मात्र तिने कधी हात लावला नव्हता. ती तिच्या बापाची होती.

म्हातारा एनार स्कोगेन एल्कचा, म्हणजे तिकडच्या थोराड हरणांचा, खोऱ्यातला नावाजलेला शिकारी. त्याची मौजर लष्करातून आली तशीच होती. नेम धरायला नळीवर मागे खाच, पुढे माशी, आणि त्यांच्या रेषेत एनारची नजर. दुर्बिणीचं नाव काढलं की तो नाक मुरडायचा. "ज्याला जनावराच्या जवळ जाता येत नाही, त्याने काच लावावी."

पण दोन हंगाम झाले, म्हातारा डोंगरावर गेलाच नव्हता. आधी गुडघा दुखतोय म्हणाला, मग थंडी सोसत नाही म्हणाला. गुडघा दुखणारा माणूस रोज शेजारच्या हॅल्वरच्या कुंपणापर्यंत चालत जाऊन येतो, हे थेल्माला दिसत होतं. पण एनार स्कोगेनला खोटं पाडायची हिंमत घरात कुणाची नव्हती. घरात तशी ती दोघंच.

एका सकाळी तो टेबलाशी कॉफी ओतत होता. कप भरला, बशी भरली, कॉफी टेबलावरून ओघळायला लागली तरी तो ओततच होता.

"बाबा!"

एनारने किटली खाली ठेवली आणि फडकं शोधायला लागला. फडकं त्याच्या हाताशीच होतं.

थेल्माने ते उचललं, टेबल पुसलं आणि त्याच्या समोर बसली. "गुडघ्याचं सोंग पुरे झालं. कधीपासून दिसत नाही?"

"कोण म्हणतं दिसत नाही? लांबचं दिसतं मला."

"आणि जवळचं?"

"जवळचं काय बघायचंय? तुझं तोंड? ते पाठ आहे मला."

"रायफलीची खाच दिसते का, ते सांगा."

म्हाताऱ्याने कप बाजूला सारला. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "खाच धरावी तर माशी पळते. माशी धरावी तर एल्क म्हणजे नुसता तपकिरी धूर. शेवटचा गेलो त्या हंगामात मी धुरावर गोळी झाडली, पोरी."

"मग?"

"लागली. पण कुठे लागली कुणास ठाऊक. मादी होती. रक्त सांडत रानात घुसली. अंधार पडेपर्यंत शोधली, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन शोधली. नाही सापडली. तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, काही दिसलंच नाही. आयुष्यात कधी जखमी जनावर मागे सोडलं नव्हतं मी."

बापाची समजूत काढायची थेल्माला सवय नव्हती, आणि त्यालाही काढून घ्यायची नव्हती. शेवटी तिने तिला येत होतं तेच केलं. उठली, भिंतीवरची मौजर काढली आणि टेबलावर ठेवली.

"दुर्बिणीत खाच नाही, माशी नाही. काचेतली फुली आणि जनावर एकाच जागी दिसतात, तेही मोठे होऊन. तुमचे डोळे शिकार करण्याइतके चांगले आहेत. ते खाच बघण्याइतके उरले नाहीत, एवढंच."

"लोक काय म्हणतील?"

"एनारच्या पोरीने एनारच्या बंदुकीवर दुर्बीण बसवली म्हणतील. अर्ध्या गावाच्या बंदुकांवर मीच बसवलीय. तुमचीच तेवढी राहिलीय, आणि लोक त्यालाच हसतात."

हे म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याने दाढी खाजवली. मग म्हणाला, "मी तिथे उभा राहणार. माझ्या डोळ्यांदेखत भोक पाडायचं."

"राहा उभे. पण तोंड मिटून."

तोंड काही त्याने मिटलं नाही. थेल्माने बोल्ट व्हाइसमध्ये धरला, पुढच्या अंगाला ओली फडकी गुंडाळली आणि दांड्याच्या बुडाशी गॅसची ज्योत लावली. "जळेल ते." "दांडाच तापतोय बाबा, बाकी बोल्ट थंड आहे, फडक्यातून वाफ निघतेय बघा." दांडा नारिंगी झाला तसा तिने हातोडीने त्याला दोन टप्प्यांत खाली आणि मागे वळवलं. एनार म्हणाला, "हं." त्याच्याकडून हे कौतुकच होतं.

मग वरच्या पोलादाचा उंचवटा कानशीने आणि सहाणेने उतरवला. ड्रिलखाली रायफल बांधताना थेल्माने पाणलेव्हल लावली, पुन्हा लावली, आणि बांधणी सोडून तिसऱ्यांदा लावली. दुसऱ्याच्या बंदुकीला ती इतकं करत नसे. पहिल्या भोकाचं ड्रिल फिरायला लागलं आणि पोलादाचे बारीक चकचकीत केस वर यायला लागले, तेव्हा म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. आटे पाडताना मात्र तो वाकून बघत होता. तिने टॅप थोडी फिरवायची, तेवढीच उलटी घ्यायची, तेल सोडायचं. टॅप भोकात मोडली तर सगळं मुसळ केरात. ती मोडली नाही.

दुर्बीण चढवून झाल्यावर तिने बोल्ट काढून रायफल खिडकीत वाळूच्या पिशव्यांवर ठेवली. नळीतून बघितलं की हॅल्वरची पाण्याची टाकी बरोबर मधे दिसत होती. आता रायफल न हलवता फुली त्याच टाकीवर आणायची. फुली सरकवायची दुर्बिणीवरची चकती फिरवता फिरवता ती जवळजवळ टोकाला गेली, तेव्हा कुठे फुली टाकीवर आली. थेल्माच्या मनात पाल चुकचुकली. पण एवढ्यात म्हाताऱ्याने तिला बाजूला सारलं आणि डोळा काचेला लावला.

तो हलेचना.

"काय दिसतंय?"

"हॅल्वरचं कुंपण कललंय."

"वसंतापासून कललंय ते. रोज तर तिथवर जाता तुम्ही."

"आणि त्याच्या बायकोने दोरीवर त्याच्या लांब चड्ड्या वाळत घातल्यात. गुडघ्यावर ठिगळ आहे." म्हातारा खुदखुदायला लागला. "कोण म्हणतं हॅल्वरकडे पैसा आहे!"

थेल्माही हसली, आणि चकतीचं बोलायचं तिने लांबणीवर टाकलं. तिथेच तिचं चुकलं.

दुसऱ्या दिवशी दोघं खडीच्या खाणीत निशाणी लावायला, म्हणजे कागदावर गोळ्या झाडून फुली खरी करायला गेली. एनारने जुन्या सवयीने गाल पार पुढे नेला, डोळा काचेला टेकवलाच, आणि चाप ओढला. रायफलीने मागे लाथ मारली, दुर्बिणीची कड भुवईवर आपटली. म्हाताऱ्याच्या कपाळावर अर्धचंद्र उमटला आणि नाकावरून रक्त ओघळलं.

"चावते ही!"

"चावणारच. हातभर लांब राहा म्हणून सांगितलं होतं का नाही?"

"हातभर कुठे, चार बोटं म्हणालीस."

रुमाल बांधून तो पुन्हा बसला. त्याच्या गोळ्या एकमेकींना खेटून पडत होत्या, पण कागदाच्या कितीतरी खाली, मातीत. थेल्माने चकती फिरवली. ती टोकाला लागली, पुढे जाईना.

"बघ," एनार म्हणाला. "काच ती काच."

"काचेचा दोष नाही. माझा आहे." थेल्माने रायफल त्याच्या हातातून घेतली. "मागचा उंचवटा मी जास्त उतरवला. दुर्बिणीचं बूड खाली बसलंय. काल चकती फिरवतानाच मला समजलं होतं."

"मग काल का नाही बोललीस?"

"तुम्ही हॅल्वरच्या चड्ड्या बघत होतात."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं. एवढा मोठा शिकारी, पण आपली चूक अशी उघड्यावर ठेवणं त्याला इतकी वर्षं जमलं नव्हतं. त्याने खिशातून स्नूसची डबी काढली, उरलेली तंबाखू ओठाखाली कोंबली आणि पत्र्याचं झाकण तिच्यापुढे धरलं. "चालेल का हे?"

चाललं. झाकणाचा पत्रा बारीक कापून, भोकं पाडून तिने मागच्या बैठकीखाली सरकवला. स्क्रू आवळले, पॉलिश लावलं, ते सुकेपर्यंत दोघांनी गाडीच्या पायरीवर बसून थंड मांसाची सँडविचं खाल्ली. पुढच्या गोळ्या कागदावर पडल्या. दुपार कलेपर्यंत त्या ताटलीएवढ्या जागेत आणि मग पेल्याएवढ्या जागेत पडायला लागल्या.

हंगामाच्या पहिल्या आठवड्यात बर्फ भुरभुरून गेलं होतं. दोघं पहाटेच निघाली आणि उजाडता उजाडता उंचावरच्या कुरणाच्या काठाशी पोचली. एल्कचा कळप पलीकडच्या उतारावर चरत होता. एनार पडलेल्या झाडाच्या खोडाआड बसला, रायफल खोडावर टेकवली आणि वाट बघायला लागला. कळपातली एक थोराड मादी आडवी उभी राहिली. थेल्माला वाटलं, आता. पण म्हातारा थांबला. मादी एक पाऊल पुढे गेली, तिचा पुढचा पाय पुढे पडला, खांद्यामागची जागा मोकळी झाली. गोळी सुटली. मादी चार उड्या मारून बसली आणि पुन्हा उठली नाही.

एनार जागचा हलला नाही. दुर्बिणीतून बघतच राहिला, तिचा श्वास थांबेपर्यंत. मग त्याने बोल्ट उघडला आणि रिकामं काडतूस उचलून खिशात टाकलं.

"दिसली का नीट?" तिने विचारलं.

"पापणीसुद्धा दिसली," तो म्हणाला. जवळ गेल्यावर त्याने हातमोजा काढून मादीच्या गरम मानेवर हात ठेवला. नाक ओढलं, आणि लगेच खेकसला, "बघत काय राहिलीस? सुरी काढ. मांस खराब होईल."

त्या हिवाळ्यात स्कोगेनांच्या घरून पुष्कळांकडे मांस गेलं. हॅल्वरकडे मागची मांडी गेली, आणि चड्डीच्या ठिगळाबद्दल एनार एक अक्षर बोलला नाही, असं थेल्मा शपथेवर सांगायची.

शिकार संपली, पण म्हाताऱ्याला घरात बसवेना. तो सकाळी कॉफी घेऊन दुधाच्या खोलीत यायचा, स्टुलावर बसायचा, बंदुकांच्या लाकडी दस्त्यांना तेल चोळायचा. मग एकदा एका गिऱ्हाइकाच्या रायफलीची निशाणी लावायची होती आणि थेल्मा लेथवर अडकली होती. एनार ती घेऊन खाणीत गेला आणि पेल्याएवढ्या जागेत गोळ्या बसवून आला. तेव्हापासून ते काम त्याचंच झालं. थेल्माने दुर्बीण चढवायची, एनारने ती खरी करून आणायची. पुढे त्याचे गुडघे खरोखरच गेले आणि डोंगर सुटला. तरी खडीची खाण त्याने सोडली नाही. गिऱ्हाइकंच त्याला गाडीत घालून नेत.

एकदा मिसुलाहून आलेल्या एका तरुणाने त्याला बघितलं आणि थेल्माला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, माझी रायफल हे आजोबा तपासणार? यांना दिसतं तरी का?"

थेल्मा लेथ थांबवायच्या आत एनारनेच उत्तर दिलं. "जवळचं नाही दिसत रे बाबा. तू देखणा आहेस का कुरूप, ते मला सांगता येणार नाही. चल, गाडी काढ. तुझं लांबचं तेवढं बघून देतो."