आईची नथ कुठल्या बाजूला

आईला भिंतीवर गेलेल्या वडिलांच्या फोटोशेजारी स्वतःचा फोटो हवा होता, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत तयार व्हायला हवा होता. तिच्यामागे आम्ही आधार कार्डावरचाच लावू, अशी तिची खात्री. तिच्या मनात होता तो लग्नानंतर लोणावळ्याच्या स्टुडिओत काढलेला फोटो. तो वाळवीने खाल्ला. स्टुडिओ केव्हाच बंद झालाय, पण तिथल्या म्हाताऱ्या फोटोवाल्या काकांकडे निगेटिव्ह सापडली. तळेगावातल्या एका दुकानाने तिच्यावरून आईला इतकं गोरं करून दिलं, की ती म्हणाली, ही कोन बया. मग काका म्हणाले, माझं जुनं मशीन घेऊन जा आणि घरीच छापा. मी हो म्हणून बसले. कशाला म्हटलं, हे मला अजून कळलेलं नाही.

ते एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं मशीन, मी लोकलने घोरावाडीपर्यंत आणि तिथून रिक्षाने परंदवडीला आणलं. गुरुवारी माझ्या कंपनीला सुट्टी असते. न्हाणीघराची खिडकी शेतातल्या उरलेल्या काळ्या मल्चिंग पेपरने झाकली, काकांनी दिलेला लाल बल्ब लावला. एका ट्रेमध्ये चित्र उमटवायचं औषध, दुसऱ्यात ते टिकवायचं. दोन्ही पाण्यासारखी दिसतात म्हणून ट्रेवर लाल स्केचपेनने नावं लिहिली होती. लाल उजेडात ती नावं गायब. मी ट्रेसमोर उकिडवी बसून कुठला कुठला करत राहिले. शेवटी वासावरून ठरवलं.

कागद औषधात टाकला, तो काळा झाला. दुसराही काळा. चौथ्यानंतर रडकुंडीला येऊन काकांना फोन केला. कागदाचं पाकीट कुठे उघडलं, असं त्यांनी विचारलं. ओसरीवर, मी म्हटलं. नवलाख उंबऱ्याच्या कंपनीत माल तपासून घ्यायचं माझं काम, त्यामुळे आलेलं पाकीट उघडून, एकेक कागद उन्हात धरून, डाग बघून मगच मी तो आत नेला होता. काका हसले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "ताई, त्या कागदाला उजेड चालत नाही. दुसरं पाकीट पाठवतो. ते तपासू नका."

पुढच्या गुरुवारी कागदावर आधी कपाळ आलं, मग डोळे, मग नथ. मी मोठ्याने काहीतरी ओरडले. दाराबाहेर पाटावर बसलेल्या आईला ओला फोटो दाखवला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "व्हय. हीच मी."

माझा आनंद दहा मिनिटं टिकला. नथ उजव्या नाकपुडीत होती, पदर उजव्या खांद्यावर. निगेटिव्ह उलटी बसवली होती. आणि मी म्हणे तपासणीवाली. गुपचूप आत जाऊन सुलटी करून पुन्हा छापला आणि अभिमानाने बाहेर आणला.

"ही न्हाई मी," आई म्हणाली. "तोंड वाकडं दिसतंय."

मी दोन्ही फोटो वाळत घातले आणि त्यांच्याकडे बघत बसले. चुकीचा बरोबर आणि बरोबर चुकीचा, हा काय प्रकार? निगेटिव्ह पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिली आणि आणखीच गोंधळले.

दुपारी आई भिंतीवरच्या आरशात बघून विंचरत होती. मी मागे उभी होते. आरशात तिच्या नाकातलं नथीचं भोक एका बाजूला दिसत होतं, आणि ती माझ्याकडे वळली तेव्हा दुसऱ्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आयुष्यभर तिने स्वतःला आरशातच पाहिलं होतं. मी तिला सांगितलं, की पहिल्या फोटोतली तू आरशातली आहेस, आणि दुसऱ्यातली आम्हाला दिसतेस तशी.

आईने दुसरा फोटो मागून घेतला आणि खिडकीशी नेला.

"म्हंजी तुज्या बापाला मी अशी दिसायचे?"

मी मान डोलावली.

"मंग ह्योच लाव," ती म्हणाली. "त्यास्नी वळखू याया पायजे."