फाईलमध्ये नवऱ्याचा एकही रिपोर्ट नव्हता

"सुनंत काय दोष हाय ते लिहून द्या मॅडम. पोराचं दुसरं लगीन करायचंय," सासूबाई म्हणाल्या. लातूरच्या आमच्या ओपीडीत, सगळ्यांसमोर. सून मीरा मान खाली घालून उभी होती, शेजारी तिचा नवरा. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. कुटुंब जळकोटकडचं.

सासू-सासऱ्यांना बाहेर बसवून मी फाईल चाळली. मीराचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. नवरा बालाजी, त्याची एकही तपासणी नाही.

"सिमेन टेस्ट करू," मी त्याला म्हटलं. म्हणजे वीर्यातले शुक्राणू मोजायचे.

"माझी?"

"तुमचीच."

काही आठवड्यांच्या अंतरानं दोनदा केली. दोन्ही वेळा काउंट फार कमी. रिपोर्ट ऐकायला चौघंही आले, सासू-सासरे बाहेरच बसले. बालाजीचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. तंबाखू नाही, दारू नाही. मी हिस्ट्रीत वडिलांचं कामही विचारते. आमचे विभागप्रमुख सर त्याला टाइमपास म्हणायचे.

"आमचे वडील, दादा, कापसावर औषध फवारायचे," बालाजी म्हणाला. "माझ्या जन्माआधीपासून. उघड्या अंगानं. औषध हातानंच कालवायचे."

मी समजावलं. जीन म्हणजे शरीराला मिळालेल्या सूचना. कुठली सूचना चालू, कुठली बंद, हे त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा ठरवतात. विषारी औषधांनी या खुणा बदलू शकतात, आणि बदललेल्या खुणा कधीकधी पुढच्या पिढीत उतरतात. यालाच एपिजेनेटिक वारसा म्हणतात.

"म्हंजी माझं त्याच्यामुळंच?"

"उंदरांत असं दिसलंय. माणसांत अजून पक्कं नाही. तुमचं कारण मी छातीठोक सांगू शकत नाही. मीरात दोष नाही, हे मात्र सांगू शकते."

तो खुर्चीवरून उठला.

"घरच्यांना मी सांगू का?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. मीच सांगतो."

त्यानं दार उघडून दोघांना आत घेतलं. "आई, कमी माझ्यात हाय. हिच्यात न्हाई."

बालाजीनं फवारणीचंही सांगितलं. सासरे स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले.

"तुमची काय चूक, दादा? तुम्हाला कुणी सांगितलं व्हतं का?"

मग म्हातारा सुनेकडे वळला. "पोरी, लई बोललो तुला. चुकलं आमचं."

त्या दिवशी मला बालाजीचा अभिमान वाटला. थोडा स्वतःचाही.

पुढे इक्सी केलं. त्यात लॅबमध्ये एकच शुक्राणू स्त्रीबीजात सोडतात. दुसऱ्या प्रयत्नात यश आलं, मुलगी झाली. सासरे आता गावात हातमोजे घातल्याशिवाय कुणाला फवारणीचा पंप उचलू देत नाहीत. आमच्या छापील फॉर्मवर 'वडील आणि आजोबांचं काम' असा रकाना आला. तो सरांनीच टाकला.

मूल दोघांचं असतं, तर तपासणीही दोघांची करावी. एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.